नालीच्या पल्याड

गाडीत कसं बसायचं हे सगळेच सांगतात. आमचे धाकटे दीर, दिगंबरभावजी, आधी उतरायला शिकवतात.

केजला आमच्या गल्लीत त्यांची जुनी जीप उभी असते. तिचा मूळ रंग कोणता यावर घरात अजून एकमत नाही. कुठं निघायचं म्हटलं की माणसं जीपमध्ये भरायची, दारं लागायची, आणि गाडी जागची हलायच्या आत भावजी पुढून ओरडायचे, "बंद पडली! खाली!" मग सगळ्यांनी डाव्या अंगानं उतरायचं, गल्लीतली नाली ओलांडायची आणि समोरच्या ओट्यापाशी जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं. पोरं कडेवर, म्हातारी माणसं मधे. भावजी स्टेअरिंगवरून मान बाहेर काढून एकेकाला न्याहाळणार. कुणी पदर सावरत रेंगाळलं, कुणी पिशवी घ्यायला मागं वळलं, की सगळ्यांना पुन्हा जीपमध्ये बसवायचं आणि पुन्हा, "खाली! नालीच्या पल्याड! रस्त्याला पाठ दावू नका!"

असं का करता, असं विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "येळ आली की डोकं चालत न्हाई वैनी. पाय चालले पायजेत."

महेशला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका पोराला, मुलगी द्यायला पाहुणे आले होते. जेवणं झाली, सगळ्यांना देवीच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. मुलीची आई अंगानं भरलेली, अंगावर ठेवणीतलं लुगडं. तिला दोनदा उतरवलं तेव्हा माझी जाऊ सुमन दारातून कळवळून म्हणाली, "आवो, पावन्याला तरी सोडा."

"पावन्याला ट्रक वळखतो व्हय?" भावजी म्हणाले.

तिसऱ्या खेपेला मुलीची आई सगळ्यांच्या आधी नाली ओलांडून उभी होती. सोयरीक जमली. विहीणबाई आजही कुठल्याही गाडीतून उतरल्या की आधी नाली शोधतात, असं सून सांगते.

त्या जीपमध्ये माणसांना जागा कमी आणि सामानाला जास्त. प्यायच्या पाण्याचा कॅन वेगळा, गाडीच्या पाण्याचा वेगळा. चाकामागं लावायला बाभळीचे ठोकळे. स्टेपनी, जॅक, पान्हे, बॅटरी, छत्री, सतरंजी, गूळ-शेंगदाणे. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणासाठी गोधडीचा जाड तुकडा. तोसुद्धा लगेच वापरायचा नाही, इंजन निवेपर्यंत झाकणाकडं बघायचंही नाही असा दंडक. मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून लाल त्रिकोण होता. पण त्रिकोणावर एकट्यावर भरवसा कसा टाकायचा? म्हणून सुमनच्या लाल लुगड्याचे फाडलेले पट्टे. सुमन मला म्हणायची, "बाई, माझ्या अंगावर लुगडं ऱ्हाईना झालंय, जीपला मातर दर साली नवं."

रस्त्याच्या कामावरच्या लोकांकडून त्यांनी कधीतरी एक पिवळंजर्द जाकीट मिळवलं, चमकत्या पट्ट्यांचं. प्रवासाला निघताना ते घालायचंच. माझ्या भाचीच्या लग्नातही ते अंगात होतं, कारण वऱ्हाड आणून सोडल्यावर काढायचं राहिलं. त्या लग्नाच्या एकूण एक फोटोत नवरा-नवरीपेक्षा मागं उभे असलेले भावजीच जास्त उजळतात.

शेजारच्या कदमांनी नवी गाडी घेतली, पूजा केली, पुढं लिंबू-मिरची बांधली. भावजी पेढा घ्यायला गेले आणि पेढा हातात तसाच धरून गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले.

"पुढं बांधलंय, ब्येस केलं. मागं काय हाय?"

"मागं काय असतंय, अप्पा?"

"मागनं ट्रक येतोय."

कदमांच्या घरात त्या दिवशी पेढे उरले म्हणतात.

हे सगळं मी हसून सांगते आहे, आणि तेव्हाही हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मीच. मी अंबाजोगाईची, मॅट्रिक पास. माझ्या हिशेबानं अख्ख्या केज तालुक्यात शिकलेली बाई मी एकटी, बाकी नुसती लोकसंख्या. उंच टाचांच्या चपला घालून मी शेणानं सारवलेल्या अंगणातून चालायचे आणि मागं टाचांची भोकं पडत जायची. सासूबाई ती रोज बुजवायच्या. असल्या विदुषीनं दिराच्या सांगण्यावरून मेंढरासारखं चढायचं-उतरायचं? मी उतरायचे, पण चेहऱ्यावर असा भाव ठेवून, की जणू माझं तिकडं काही काम होतं.

मग तेलगावचं लग्न आलं. धारूरच्या घाटात, एका वळणाच्या जरा पुढं, जीप बंद पडली. ऊन डोक्यावर. आमच्याकडच्या माणसांची एक खोड आहे, गाडी बंद पडली की गाडीच्याच सावलीला बसायचं. सावली मागं पडली असेल तर मागं. सगळे तिथंच टेकले. भावजींनी सगळ्यांना उठवलं. मामंजींना उठवलं, सासूबाईंना उठवलं, सुमनला तर नुसतं बोट दाखवलं. कुरकुरत सगळे नालीच्या पल्याड, बोरीच्या काट्यांत जाऊन उभे राहिले. भावजींनी उताराच्या अंगाला चाकांपुढं ठोकळे लावले, निरगुडीच्या फांद्या तोडल्या आणि वळणाच्या अलीकडं टाकायला ते मागं चालत गेले.

ते दिसेनासे झाले तशी मी परत येऊन जीपमध्ये बसले. साडीला काटे लागत होते, म्हणून. आणि आरसा तिथं होता, म्हणून.

भावजी परत आले ते धावतच. "वैनी, खाली."

"मी इथं बरी आहे, भावजी."

"खाली उतरा म्हनलं ना."

"माझी साडी..."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढलं. भर रस्त्यात, सासूसासऱ्यांसमोर, दिरानं थोरल्या वहिनीला हात धरून ओढलं! सासूबाईंचा आ वासलेला तसाच राहिला. माझी एक चप्पल जीपमध्ये राहिली, एक नालीत. पल्याड उभी राहून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, रात्री ह्यांना सांगायला. चांगली शुद्ध, मॅट्रिकची वाक्यं.

तेवढ्यात वळणाच्या मागून चाकं घासल्याचा लांबच लांब आवाज आला. आवाज आधी आला, ट्रक नंतर. कापसानं भरलेला. फांद्या पाहून ड्रायव्हरनं ब्रेक दाबला असणार, पण ओझं त्याला पुढं ढकलत होतं. ट्रक येऊन जीपला मागून बसला. जीप ठोकळ्यांवरून उडी मारून कठड्याला जाऊन टेकली. मागचं बाक पुढच्याला चिकटलं. मी जिथं बसले होते तिथं आता हात घालायलासुद्धा जागा नव्हती.

मग कुठलाच आवाज नाही. कापसाचे पुंजके तेवढे उन्हात तरंगत सावकाश खाली येत होते.

सगळ्यांत आधी भावजी हलले. जीपकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आधीच पल्याड आणून ठेवलेला पाण्याचा कॅन घेऊन ते ट्रकच्या ड्रायव्हरकडं गेले. तो पायरीवर बसून थरथरत होता, "अप्पा, गल्ती झाली, अप्पा, गल्ती झाली" म्हणत होता. भावजी म्हणाले, "बोलू नगंस. आदी दोन घोट पी." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथंच बसले.

रात्री ह्यांना मी एवढंच सांगितलं, की माझ्या नव्या चपला गेल्या.

जीप नीट झाली. मागचा पोचा मात्र भावजींनी काढू दिला नाही. आणि त्यानंतर त्यांचं वेड कमी व्हायच्या ऐवजी आपली माणसं सोडून परक्यांपर्यंत गेलं. गाडी दुरुस्त झाली की लोक निघून जातात, आणि चाकामागं लावलेले दगड तसेच रस्त्यात ठेवून जातात. आपली अडचण संपली, मागच्याची सुरू. भावजी असे दगड दिसले की जीप थांबवून उचलणार. आमचं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं त्यामुळं चुकलेलं आहे. आम्ही पोहोचायचो तोवर अक्षता केरात गेलेल्या असायच्या.

उसाच्या दिवसांत तर विचारू नका. तोडणीवाल्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्या रस्त्यानं जायच्या, ट्रॉलीत संसार, संसारावर माणसं. एकदा तेलगावच्या अलीकडं अशीच एक ट्रॉली चाक निखळून उभी होती. माणसं ट्रॉलीखाली सावलीला निजलेली. भावजी उतरले, मागं लाल पट्टे बांधले आणि त्यांचा घोष सुरू झाला. सगळे उठले. एक बाई उठेना.

"बाबा, लेकरू आत्ताच झोपलंय. रातभर रडत व्हतं. कावून उठवता?"

मला वाटलं, आता ओरडतील. भावजी वाकले, ट्रॉलीखाली रांगत गेले, आणि वाकळेसकट ते पोर उचललं. एवढा धिप्पाड माणूस, पण नाली ओलांडताना पाय असे टाकत होता, की जणू हातात काठोकाठ भरलेला तांब्या आहे. पल्याड चिंचेखाली त्यांनी पोर ठेवलं, तोंडावरची माशी वारली आणि बाईला खालच्या आवाजात म्हणाले, "उठवलं का? न्हाई ना? मग बस आता हितं. रस्त्याकडं बघत बस." पोर जागं झालं नाही.

त्या जीपनं गल्लीतल्या बाळंतिणी नेल्या, नवऱ्या नेल्या, तापानं फणफणलेली पोरं अंबाजोगाईला नेली. दारात हाक यायची, "अप्पा, जीप हाय का?" आणि भावजी जेवत्या ताटावरून उठायचे. सुमन ताट झाकून ठेवायची.

आता प्रत्येक दारात गाडी आहे. माझ्या नातवानंही घेतली. आत बसलं की थंडगार, पण कुणी बोलत नाही, आणि कुठं बंद पडेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटतही नाही. भावजींच्या दारात हाक येणं हळूहळू थांबलं. सुमन गेली. महेश पुण्यात. भावजी मात्र रोज सकाळी जीपचं पाणी बघतात, तेल बघतात, इंजनचा पट्टा बघतात, हवा बघतात, जाकीट घालतात आणि कुठंही न जाता ओट्यावर बसतात. कधी एकटेच घाटापर्यंत जाऊन येतात. दगड उचलायला, म्हणतात.

या एकट्यानं जाण्यावरूनच महेशचा फोन आला. "मोठ्याई, अप्पांचं वय झालंय. घाटात एकटेच असताना काही झालं तर? तेलगावचे एक जण जीप घ्यायला तयार आहेत. अप्पा मला हो म्हणालेत, पण ते नेऊन देणार नाहीत. तुम्ही सोबत जाल का? तुम्ही असलात तर मधूनच परत फिरणार नाहीत." पोराचं काही चुकत नव्हतं. मी हो म्हणाले.

सकाळी जीपमध्ये बसले आणि ओरडण्याची वाट पाहिली. भावजी काही ओरडले नाहीत. किल्ली फिरवली आणि निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी न उतरता केज सोडलं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

त्या दिवशी भावजींनी जाकीटही घातलं नव्हतं. धारूरचा किल्ला मागं पडला, घाट जवळ आला. उतार लागायच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला चांगली ऐसपैस मोकळी जागा आहे, तिथं एक थोराड लिंब आहे. जीपनं दोन आचके दिले, डांबर सोडलं आणि नेमकी त्या लिंबाच्या सावलीत जाऊन थांबली. मी ही जीप वळणावर, चढावर, पुलावर, चिखलात, कुठं कुठं बंद पडलेली पाहिली आहे. इतक्या अदबीनं बंद पडलेली पहिल्यांदाच पाहिली.

"काय झालं, भावजी?"

"बंद पडली."

"हं."

मी उतरले. नाली ओलांडताना गुडघे बोलतात आता. भावजींनी हात पुढं केला, मी धरला. पल्याड सतरंजी अंथरली, गूळ-शेंगदाणे मधे ठेवले. मागं त्रिकोण लावून आले, लाल पट्टा बांधून आले, आणि मग बसले.

थोड्या वेळानं एक टेम्पो थांबला. "काय झालं हो, अप्पा?"

"काय न्हाई, पानी गरम झालंय. कुन्या गावचे?"

टेम्पोवाला गावाचं नाव सांगून, पावसाचं बोलून गेला. मग मोटरसायकलवरून एक नवरा-बायको थांबले. मग काळीपिवळी थांबली आणि आतली माणसंही डोकावली. मग मोटरसायकलला दुधाचे कॅन लावलेला एक जण गाडी बंद करून चक्क येऊन बसला, शेंगदाणे खाल्ले, कापसाच्या भावाला शिव्या दिल्या, आपल्या सासऱ्याला दिल्या आणि गेला. प्रत्येकाला भावजी गाव विचारत होते, पाणी विचारत होते. प्रत्येकाला जीपचा वेगळा आजार सांगत होते. एकाला पाणी, एकाला पट्टा, एकाला डिझेल. त्यांचा आवाज मोकळा होत चालला होता. सुमन गेल्यापासून त्यांच्या ओट्यावर इतकी माणसं बसलेली मी पाहिली नव्हती.

माझा फोन वाजला. महेश.

"मोठ्याई, पोहोचलात का? ते तेलगावचे वाट बघतायत."

भावजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. हातातला शेंगदाणा मात्र सोलायचा थांबला.

"नाही रे," मी म्हणाले. "जीप बंद पडली आहे."

"काय झालं? अप्पांना द्या बरं फोन."

"ते जीपखाली आहेत."

भावजी माझ्यासमोर मांडी घालून बसलेले होते.

"बघा, मी हेच म्हणत होतो. एकटे असते तर काय केलं असतं?"

"एकटे नाहीत ना पण," मी म्हणाले. "मी आहे. तेलगावला सांग, आज काही जमत नाही. पुढचं मी बघते." आणि फोन ठेवला.

भावजींनी मांडीवरची फोलपटं झटकली. मग उठले. नाली ओलांडून गेले, चाकांमागं ठोकळे नीट बसवले, गुडघ्यावर आले आणि हळूहळू जीपखाली शिरले. थोरल्या वहिनीचा शब्द खोटा पडू नये, म्हणून. त्यांची पावलं तेवढी बाहेर दिसत होती. पान्ह्याचा आवाज आला नाही. कसलाच आवाज आला नाही. ती पावलं मात्र मधूनच हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. मी डबा आवरायला घेतला आणि तो उगाच पुन्हा पुन्हा आवरला.

पुष्कळ वेळानं ते बाहेर आले. तोंडाला तेल फासलेलं होतं, डोळ्यांखाली जरा जास्तच.

"सापडलं. वायर ढिली झालती."

"बसली का?"

"बसली."

किल्ली फिरवली, जीप पहिल्याच हाकेला उठली. भावजी स्टेअरिंगवर हात ठेवून समोरच्या उताराकडं बघत राहिले. मी म्हणाले, "केजला चला." त्यांनी जीप वळवली.

धारूर ओलांडल्यावर मी म्हणाले, "भावजी, या बाजाराला मला न्यायला या. आणि दर बाजाराला."

"कावून? दारात नातवाची गाडी हाय की."

"ती मेली बंदच पडत नाही."

भावजींनी आरशात मागचा रस्ता बघून घेतला. आणि जीप आणखी हळू केली.